छोट्या मोटरबोटीसाठी लाइफ जॅकेट: फोमचं घ्यावं की गॅसने फुगणारं?

चार-पाच मीटरची उघडी बोट, मागे आउटबोर्ड इंजिन, आत तीन-चार माणसं. अशा बोटीसाठी लाइफ जॅकेट घ्यायला गेलं की दोन जातींपैकी एक निवडावी लागते. एक फोमचं, बंडीसारखं, जाड. दुसरं गळ्याभोवती पट्ट्यासारखं बसणारं, ज्याच्या घडीत हवाबंद पिशवी आणि कार्बन डायऑक्साइडचा छोटा सिलिंडर असतो. दुसरं अंगाला हलकं, उकाड्यात सुसह्य, आणि आकडे बघायला गेलं तर उचलही त्याचीच जास्त. तरीही छोट्या उघड्या बोटीसाठी आमचं मत फोमच्या बाजूने आहे. हे मत कुठे बदलतं तेही पुढे येईलच.

आधी माणूस पाण्यात कसा पडतो ते पाहू. वळण घेताना दुसऱ्या बोटीची लाट आडवी येते, नांगर ओढताना तोल जातो, इंजिनाची दोरी ओढायला उभा राहिलेला माणूस मागच्या मागे कोसळतो. पडायच्या आधी जॅकेट चढवायला वेळ मिळाला, असं जवळपास कधी होत नाही. पाणी 15 अंश सेल्सिअसच्या खाली असेल तर पहिल्या मिनिटभरात श्वास आपोआप जोरजोरात ओढला जातो आणि त्यातलाच एखादा श्वास पाण्याखाली घेतला जातो. त्या मिनिटात हाताने काही करण्याची शुद्ध राहत नाही. दहाएक मिनिटांत बोटं आणि हातपाय बधिर होतात, त्यामुळे चांगलं पोहता येणाऱ्यालाही पोहता येत नाही. अमेरिकेच्या तटरक्षक दलाचे वार्षिक अहवाल पाहिले तर बोटीच्या अपघातात बुडून मेलेल्यांपैकी 80 टक्क्यांहून जास्त जणांच्या अंगात जॅकेट नव्हतं. जॅकेट निवडताना पहिला प्रश्न म्हणूनच असा हवा: बोट सुटल्यापासून परत बांधेपर्यंत हे अंगात राहील का?

आकड्यांचा अर्थ

जॅकेटावर 50, 100, 150 किंवा 275 असा आकडा असतो. ही न्यूटनमधली उचल. 10 न्यूटन म्हणजे ढोबळमानाने एक किलो. पाण्यात शरीर जवळपास स्वतःच तरंगतं, त्यामुळे मोठ्या माणसाचं डोकं वर ठेवायला तीन ते पाच किलोची जादा उचल बहुधा पुरते. 50 न्यूटनची फोमची बंडी तेवढंच काम करते. ती पोहता येणाऱ्या, शुद्धीवर असलेल्या आणि मदत जवळ असलेल्या माणसासाठी आहे. माणूस पालथा पडला तर ती त्याला उताणं करत नाही. 100 न्यूटनच्या जॅकेटाला मानेमागे कॉलर असते. शांत, आडोशाच्या पाण्यात ते माणसाला पाठीवर वळवतं, पण अंगात जड कपडे असतील तर त्याची खात्री देता येत नाही. 150 न्यूटनचं जॅकेट बेशुद्ध माणसालाही बहुतेक वेळा उताणं करतं. 275 हे खुल्या समुद्रासाठी आणि जड पोशाखासाठी.

इथे फुगणाऱ्या जॅकेटाची बाजू खरोखर भक्कम आहे. 33 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड मोकळा झाला की साधारण 17-18 लिटर जागा व्यापतो, म्हणजे तितक्याच किलोंची उचल देतो. शिवाय ही सगळी उचल छातीवर आणि मानेभोवती असते. तेवढी उचल फोममधून हवी असेल तर जॅकेट इतकं जाड होतं की ते घालून सुकाणू नीट फिरवता येत नाही.

फोम: बिघडायला फारसं काही नाही

फोमच्या जॅकेटाचा मोठा गुण हा की त्यात सुरू व्हावं लागेल असं काहीच नाही. पाण्यात पडल्या क्षणी ते पूर्ण काम करत असतं. डोक्याला मार लागून माणूस बेशुद्ध पडला तरीही करतं. खिळ्याने कापड फाटलं तरी उचल जात नाही. वेगात पाण्यावर आपटताना बरगड्यांना थोडा आधारही मिळतो.

त्याचे दोष हळूहळू वाढत जातात, म्हणून लक्षात येत नाहीत. सगळ्यात वाईट सवय म्हणजे जॅकेटावर बसणं. लाकडी फळी कडक लागते म्हणून जॅकेट खाली घेतलं जातं, आतल्या बंद पेशी फुटतात आणि फोम कायमचा चेपतो. दोन बोटांत दाबून सोडून पाहा. लगेच पूर्ववत झाला नाही, किंवा हाताला कडक, चुरा झाल्यासारखा लागला, तर ते जॅकेट बाद. उन्हाने रंग उडाला असेल तर खांद्याजवळची शिवण आणि पट्टे चिमटीत धरून जोरात ओढा. उन्हात जळलेला धागा तिथेच तुटतो. इंजिनाच्या पेटीत, पेट्रोलच्या कॅनशेजारी किंवा ओलं घडी घालून जॅकेट ठेवू नका.

माप मात्र बारकाईने पाहायला हवं, कारण ढिलं जॅकेट वर सरकतं आणि माणूस त्याच्या आत खाली बुडतो. वजनाचा पट्टा लेबलवर दिलेला असतो. छातीचं मापही बघा. जॅकेट घालून सगळी बक्कल लावा, हात वर करा आणि दुसऱ्याला खांद्याच्या पट्ट्या धरून वर ओढायला सांगा. जॅकेट हनुवटीच्या वर गेलं तर माप मोठं आहे. दोन पायांमधून जाणारा पट्टा असेल तर तो लावाच. मुलांच्या जॅकेटाला तो नसेल तर ते जॅकेट घेऊ नका. वाढतं अंग म्हणून एक माप मोठं घेण्याची चूक इथे महागात पडते.

आणि खरी अडचण: उकाडा. जाड फोमखाली घाम येतो, काखेत कापड घासतं, आणि तासाभरात कोणीतरी बक्कल सोडतं. म्हणून फोम घेताना काखेत मोकळं कापलेलं, वल्हवणाऱ्यांसाठी बनवलेलं जॅकेट घालून पाहा. घालून बसा, वाका, मागे वळून बघा. हे दुकानातच करायचं.

फुगणारं: उत्तम, पण देखभालीसह

फुगणाऱ्या जॅकेटात तीन गोष्टी जुळाव्या लागतात: सिलिंडर भरलेला आणि घट्ट बसलेला, चाप (सिलिंडर फोडून पिशवी फुगवणारी कळ) चालू स्थितीत, आणि पिशवीला एकही छिद्र नाही. यातली एक जरी चुकली तरी अंगावर नुसता कापडी पट्टा उरतो.

चाप तीन प्रकारचे. हाताने ओढायचा प्रकार सगळ्यात साधा. तो तुषारांनी चुकून फुटत नाही, पण बेशुद्ध किंवा गांगरलेल्या माणसाच्या काही उपयोगाचा नाही. पोहता न येणाऱ्याला हा देऊ नये. दुसऱ्या प्रकारात पाण्यात विरघळणारी गोळी किंवा कागदी कडी स्प्रिंगला धरून ठेवते. ती विरघळली की सुई सिलिंडरला भोक पाडते आणि काही सेकंदांत पिशवी फुगते. हा स्वस्त आणि सर्रास मिळणारा प्रकार. पण सतत तुषार उडणाऱ्या उघड्या बोटीत किंवा दमट कपाटात ही गोळी आपसूक मऊ पडते आणि जॅकेट भलत्या वेळी फुगतं. तिसरा प्रकार पाण्याच्या दाबावर चालतो. साधारण 10 सेंटिमीटर खाली गेल्यावरच तो सुटतो, म्हणून पावसाने किंवा लाटेच्या शिंतोड्यांनी फुटत नाही. छोट्या बोटीत फुगणारं जॅकेट घ्यायचंच असेल तर हाच घ्यावा.

देखभाल अशी. दर वेळी घालण्याआधी चापावरच्या छोट्या खिडकीतली खूण हिरवी आहे का बघा आणि सिलिंडर हाताने पिळून घट्ट आहे याची खात्री करा. इंजिनाच्या थरथरीने तो आटे सोडतो, हा नेहमी आढळणारा दोष आहे. ओढायची मूठ बाहेर लोंबती हवी, घडीत अडकलेली नको. दोन-तीन महिन्यांनी सिलिंडर काढून तोंडाचं सील पाहा. भोक पडलेला रिकामा सिलिंडर परत बसवून वर्षभर वापरात राहिलेली जॅकेटं आढळतात. एक ग्रॅमपर्यंत मोजणाऱ्या काट्यावर त्याचं वजन करा. अंगावर कोरलेल्या वजनापेक्षा कमी भरला की तो बदलायचा. वर्षातून एकदा सिलिंडर काढून ठेवून तोंडाच्या नळीने पिशवी पूर्ण फुगवा आणि रात्रभर, शक्यतो 24 तास, तशीच ठेवा. सकाळी मऊ लागली तर जॅकेट बाद, घरी ठिगळ लावायचं नाही. खारं पाणी लागलं असेल तर गोड्या पाण्याने धुवा, पण विरघळणाऱ्या गोळीचा चाप असेल तर धुण्याआधी गोळी काढा. गोळी किंवा चापाचा संच त्यावरच्या तारखेला बदलायचा, दिसायला चांगला असला तरी.

वापरातल्या चुकाही जीवघेण्या असतात. हे जॅकेट रेनकोटच्या आत घातलं तर फुगताना छाती आवळली जाते आणि श्वास घेता येत नाही. ते सर्वांत वरच हवं. दुसरं, बोट उलटली आणि माणूस तिच्याखाली आला, तर फुगलेलं जॅकेट त्याला वरच्या बुडाशी दाबून धरतं. बुडी मारून बाहेर यायला जागा राहत नाही. छप्पर किंवा केबिन असलेल्या बोटीत आत बसताना आपोआप फुगणारं जॅकेट नको, असं म्हणण्याचं कारण हेच. फोमचंही वर ढकलतं, पण त्याची उचल कमी असल्याने धडपडून कडेने निसटता येतं.

कोणी काय घ्यावं

बोटीत मुलं असतील, पोहता न येणारे असतील किंवा पाहुणे बदलत असतील, तर फोम. यावर दुसरं मत असू नये. अमेरिकेत 16 वर्षांखालच्या मुलांसाठी फुगणाऱ्या जॅकेटांना साधारणपणे मान्यताच दिली जात नाही. पाण्यावर घसरणारी, वेगात उड्या घेणारी बोट, जेट स्की किंवा दोरीने मागे ओढले जाणारे खेळ असतील, तरीही फोमच. वेगाने पाण्यावर आपटलं की फुगणाऱ्याच्या घड्या उघडतात, पिशवी फाटू शकते.

एकटा किंवा जोडीने, रोज, कमी वेगाने दूरवर जाणारा माणूस असेल, उकाड्यात तासन्‌तास बसायचं असेल आणि दर दोन-तीन महिन्यांनी जॅकेट उघडून पाहण्याची शिस्त असेल, तर दाबावर चालणारं 150 न्यूटनचं फुगणारं घ्यावं. अशा माणसाने फोम घेतलं तर ते फळीखाली पडून राहील. बोटीत एक जादा चाप-संच आणि सिलिंडर ठेवा, कारण एकदा फुगलं की उरलेल्या फेरीत तुम्ही जॅकेटाविना आहात.

कुठलंही घेतलं तरी त्याला शिट्टी दोरीने बांधलेली हवी आणि खांद्यावर चकाकणारी पट्टी हवी. संध्याकाळ होण्याची शक्यता असेल तर पाण्याने पेटणारा दिवाही.

किल स्विच: दोरीचा की बिनतारी

जॅकेट माणसाला तरंगतं ठेवतं, पण त्याच्याकडे परत येणाऱ्या पंख्यापासून वाचवत नाही. सुकाणू सुटलं की इंजिनाच्या ओढीने बोट बहुधा वळत जाते आणि गोल फिरत पडलेल्या माणसाच्या जागी परत येते. तीन पात्यांचा पंखा मिनिटाला 3200 फेरे घेत असेल तर सेकंदाला 160 वेळा पातं एका जागेवरून जातं. म्हणून किल स्विच लागतो, म्हणजे चालवणारा जागेवरून पडला की इंजिन बंद करणारी सोय. अमेरिकेत 1 एप्रिल 2021 पासून 26 फुटांपेक्षा लहान आणि साधारण 3 एचपी किंवा त्याहून मोठ्या इंजिनाच्या, अशी सोय बसवलेल्या बोटी वेगात असताना चालवणाऱ्याने ती वापरणं बंधनकारक आहे.

दोरीचा स्विच साधा आहे. दोरीचं एक टोक चालवणाऱ्याच्या अंगाला, दुसऱ्या टोकाची क्लिप स्विचमध्ये. क्लिप निघाली की इंजिन बंद. दोरी मांडीला वेढा देऊन लावा. मनगटाला लावली तर सुकाणू फिरवताना ती अडकते आणि इंजिन नको तेव्हा बंद पडतं, मग वैतागून माणूस ती लावायचंच सोडतो. फुगणाऱ्या जॅकेटाच्या मुठीत किंवा कापडी कडीत ती अडकवू नका. दुसरी दोरी जोडून लांबी वाढवली तर माणूस पाण्यात पोहोचेपर्यंत क्लिप निघतच नाही. दर फेरीला इंजिन मंद चालू असताना क्लिप ओढून बघा, खाऱ्या पाण्याने गंजलेला स्विच कधीकधी बंदच करत नाही. दुसरी क्लिप बोटीतच ठेवा, नाहीतर चालवणारा क्लिपसकट पाण्यात आणि आतल्या माणसांना इंजिन सुरू करता येत नाही.

बिनतारी स्विचमध्ये अंगावर छोटं यंत्र असतं. ते पाण्यात बुडालं की संकेत तुटतो आणि इंजिन थांबतं. बोटीत सारखं उठून मासे ओढणाऱ्याला हे सोयीचं, आणि काही संचांत चालवणाऱ्याबरोबर बाकीच्यांच्या अंगावरही यंत्र देता येतं. पण बॅटरी संपते, आणि यंत्र अंगावर नाही हे दिसत नाही. दोरी नाही हे लगेच दिसतं. माणूस उभा असतानाच सुकाणूपासून उडून बोटीच्या आतच पडला तर दोरी इंजिन बंद करते, बिनतारी करत नाही. म्हणून टिलरने, म्हणजे इंजिनाच्याच दांड्याने, चालवायच्या छोट्या बोटीला आम्ही दोरीच सुचवू, आणि सुकाणू-खुर्ची असलेल्या मोठ्या बोटीला, माणसं सतत फिरत असतील तर, दोन्ही.

परत चढताना

फुगलेल्या जॅकेटासह बोटीची कड चढणं फार अवघड असतं, कारण पिशवी छाती आणि कडेच्या मध्ये येते. फोममध्ये हे थोडं सोपं जातं. दोन्हींसाठी पाण्यातूनच उघडता येईल अशी शिडी लागते, जिच्या निदान दोन पायऱ्या पाण्याखाली जातात. शिडी नसेल तर कडेच्या भक्कम कडीला दोरीचा फास बांधून ठेवा. तो पाण्याखाली इतका खोल जायला हवा की गुडघा वाकवून त्यात पाऊल टाकता येईल. आणि माणूस जवळ आला की इंजिन न्यूट्रलला न टाकता पूर्ण बंद करा. न्यूट्रलमध्येही काही इंजिनांचा पंखा थोडा फिरत राहतो, आणि घाईत कोणाचा तरी हात गिअरला लागतो.