कार्नावाले संग्रहालय, पॅरिस: कपाटांपेक्षा खोल्या बघा

पॅरिस शहराच्या इतिहासाचं हे संग्रहालय मारे भागातल्या दोन जुन्या हवेल्यांत आहे. थोरली १५४८ मध्ये बांधायला घेतलेली. पत्रलेखिका मादाम द सेव्हिन्ये १६७७ ते १६९६ या काळात तिथेच भाड्याने राहत होत्या. शेजारची ल पेलतिये द सां-फार्जो हवेली १९८९ मध्ये जोडली गेली. कायमचं दालन विनामूल्य आहे. सोमवारी बंद, एरवी दहा ते सहा.

१८६६ मध्ये थोरली हवेली शहराने विकत घेतली ती बॅरन ओस्मान यांच्या पुढाकाराने. ज्यांच्या नव्या रस्त्यांसाठी जुनं पॅरिस पाडलं गेलं, ते हेच. पुढे पाडलेल्या कितीतरी घरांची छतं, कोरीव लाकडी भिंती, अख्खी दुकानं इथे आणून पुन्हा उभी केली गेली. म्हणून वस्तूंच्या पाट्या वाचण्याआधी प्रत्येक खोलीत मान वर करा. सतराव्या शतकातले चित्रकार शार्ल ल ब्रँ यांनी रंगवलेली छतं दुसऱ्याच हवेलीतली आहेत. बागेभोवतीच्या भिंतींतही कापड व्यापाऱ्यांच्या संघाच्या इमारतीचा दर्शनी भाग बसवलेला दिसेल. सर्वांत देखणं आहे फुके यांचं दागिन्यांचं दुकान. १९०१ मध्ये चित्रकार अल्फॉन्स मुखा यांनी ते मोरांसकट सजवलं होतं. १९२३ मध्ये ते उतरवलं गेलं, पण तुकडे जपून ठेवले होते, त्यामुळे आज ते जवळपास पूर्ण दिसतं. इथे घाई करू नका.

बहुतेकांची गडबड बघण्याच्या क्रमात होते. सुरुवातीच्या दालनातल्या दुकानांच्या जुन्या पाट्या मोहक आहेत, मग तळघरात अश्मयुगापासूनचा काळ. पॅरिसच्याच बेर्सी भागात सापडलेल्या नवाश्मयुगीन लाकडी होड्या तिथेच आहेत. त्यानंतर पहिल्या मजल्यावर सजवलेल्या दिवाणखान्यांची रांग संपता संपत नाही. फ्रेंच राज्यक्रांतीचं दालन मात्र दुसऱ्या मजल्यावर, शेजारच्या हवेलीत. तिथे पोचेपर्यंत पाय आणि लक्ष दोन्ही थकतात. वेळ दोन तासांपेक्षा कमी असेल तर उलटं करा: आधी थेट दुसरा मजला, बास्तीय तुरुंगाच्या किल्ल्या आणि त्याच्याच दगडातून कोरलेली त्याची प्रतिकृती बघा, मग खाली उतरत या. हवेल्या जोडणारा मार्ग वाटेत सहज चुकतो, तेव्हा नकाशा दाराशीच घ्या. सगळं नीट बघायला तीन तास हवेत.

२०२१ मध्ये नूतनीकरणानंतर पुन्हा उघडताना सुमारे दहावा हिस्सा वस्तू मुलांच्या उंचीला लावल्या आहेत. हा बदल मनापासून आवडण्यासारखा आहे, मुलं नुसती ओढली जात नाहीत, स्वतः थांबून बघतात. माहितीफलक इंग्रजीतही आहेत. कादंबरीकार मार्सेल प्रूस्त यांच्या खोलीतलं सामान मात्र साधं आहे, फार अपेक्षा ठेवून जाऊ नका.

दाराशी पिशव्यांची तपासणी होते, प्रवासाच्या मोठ्या बॅगा मुक्कामीच ठेवा. तात्पुरत्या प्रदर्शनांना तिकीट लागू शकतं. मेट्रोने सां-पोल स्थानकावर उतरलात की चालत काही मिनिटं.