राजवाडा बंद नव्हता : बँकॉकमध्ये आमचे १,१८,६३० रुपये कसे गेले

हे लिहिताना मला लाज वाटते. परंतु बँकॉकला निघालेल्या आणखी एका मराठी कुटुंबावर ही वेळ येऊ नये, म्हणून आकड्यांसह लिहितो आहे. एकतीस वर्षे मी लेखा विभागात दुसऱ्यांची बिले तपासली आणि फेब्रुवारीतल्या एका सकाळी, अवघ्या तीन तासांत, ४६,५०० बाथ (थायलंडचे चलन) स्वतःच्या हाताने एका खड्यांच्या दुकानात देऊन आलो.

आम्ही दोघे निघालो होतो ग्रँड पॅलेस पाहायला. १७८२ साली बांधायला घेतलेला हा राजवाडा आणि त्याच्या आवारातील वाट फ्रा केओ हे मंदिर यांसाठीच आमच्या सौभाग्यवतींनी बँकॉकचा हट्ट धरला होता, कारण तेथील ओवऱ्यांच्या भिंतींवर थाई रामायणाची, म्हणजे रामकियेनची, १७८ चित्रे आहेत. चाओ फ्राया नदीतून नारिंगी झेंड्याच्या बोटीने, माणशी १६ बाथ देऊन, ता चांग धक्क्यावर उतरलो आणि राजवाड्याच्या पांढऱ्या भिंतीच्या कडेने चालू लागलो. इस्त्रीचा सदरा घातलेला आणि गळ्यात ओळखपत्र अडकवलेला एक मध्यमवयीन गृहस्थ नमस्कार करून पुढे आला. आज बौद्ध सण आहे, आत भिक्षूंची प्रार्थना चालू आहे, परदेशी पाहुण्यांना दुपारी एकनंतर प्रवेश मिळेल, असे त्याने सांगितले. राजघराण्याच्या समारंभासाठी राजवाडा अधूनमधून खरोखरच बंद असतो, हे मी वाचलेले होते. त्यामुळे त्याचे म्हणणे मला अशक्य वाटले नाही. तेवढ्या वेळात उभ्या बुद्धाचे मंदिर पाहून या, वाटेत सरकारी रत्नविक्री आहे, आज शेवटचा दिवस, वर्षातून एकदाच, तीही पाहा, असे म्हणत त्याने आमच्याच नकाशावर खुणा केल्या आणि एक टुकटुक थांबवून सगळ्या फेरीचे ४० बाथ ठरवून दिले.

प्रवेशद्वार तेथून फार तर दोनशे पावलांवर होते. झेंडा उंच धरलेल्या मार्गदर्शकांमागून पर्यटकांचे थवेच्या थवे आत जात होते आणि ते मी माझ्या डोळ्यांनी पाहत होतो. मी विचारलेही. ‘त्यांचे आधीचे आरक्षण आहे,’ एवढ्या उत्तरावर माझे समाधान झाले. दोनशे पावले चालून गणवेशातील पहारेकऱ्याला एक प्रश्न विचारला असता, तर सारे तेथेच संपले असते. राजवाडा बंद आहे, हे रस्त्यावरच्या कोणाकडूनही ऐकू नका. तिकीट खिडकीपर्यंत जा.

उभ्या बुद्धाची ३२ मीटर उंच मूर्ती खरोखर भव्य आहे आणि मंदिराचा यात काडीचाही दोष नाही. तेथे सावलीत एक तरुण बसलेला होता. तो आमच्याशी बोलायला आला नाही. पाणी कोठे मिळेल, हे मीच त्याला विचारले. बोलता बोलता त्याने आपण वकील असल्याचे सांगितले, बहीण बंगळुरूला शिकल्याचे सांगितले, आणि मग म्हणाला, ‘आज शेवटचा दिवस, वर्षातून एकदाच सरकार कर माफ करते, खडे निम्म्या भावात मिळतात.’ पहिल्या माणसाचे शब्द नेमके हेच होते. ‘आज शेवटचा दिवस, वर्षातून एकदाच.’ दोन परस्परांना न ओळखणारी माणसे तेच वाक्य त्याच क्रमाने बोलतात, याचा मला संशय यायला हवा होता. मला उलट खात्री पटली! मी त्याला साक्षीदार समजलो, आणि तो त्याच टोळीचा होता.

याहून मनाला लागते ते निराळेच. आदल्या रात्रीच्या जेवणाच्या बिलावर ७ टक्के कर छापलेला होता आणि सवयीने मी ती बेरीजही पडताळून पाहिली होती. सात टक्के कर माफ झाल्याने वस्तू निम्म्या किमतीत कशी मिळेल? हा हिशेब करायला कागदही लागत नाही. माझ्या हाताखालच्या कारकुनाने असे बिल पुढे केले असते, तर मी ते परत पाठवले असते.

लोभाने गेलो, असे कोणी म्हणू नये. ‘मायदेशी विकून दुप्पट करा,’ असे त्या रत्नविक्रीच्या दुकानातला दुकानदार म्हणाला होता, पण आम्हाला काही विकायचे नव्हते. मुलाची मीन रास, साडेसाती चालू, आणि नीलम वापरायचा सल्ला त्याला मिळालेला होता. थायलंडमधील चंथाबुरी हे नीलम आणि माणकांच्या व्यापाराचे जुने, नावाजलेले केंद्र आहे, हेही खोटे नाही. एक नीलम २८,५०० बाथ आणि कुड्यांसाठी माणकांची जोडी १८,००० बाथ, असे कार्डाने दिले. कार्डावर १,१३,९२५ रुपये, परदेशी व्यवहाराचे शुल्क ३,९८७ आणि त्यावरील जीएसटी ७१८ रुपये पडले. टुकटुकवाला एवढ्या स्वस्तात का फिरवतो, ते नंतर कळले : प्रत्येक गिऱ्हाइकामागे त्याला दुकानाकडून पेट्रोलचे कूपन मिळते. चाळीस बाथमध्ये शहर दाखवणाऱ्याच्या गाडीत बसू नका.

दुसऱ्या दिवशी राजवाड्यात गेलो. तो साडेआठला उघडतो, तिकीट माणशी ५०० बाथ. काल सबंध दिवस तो उघडा होता, हे तिकीट खिडकीवरच कळले. ओवऱ्यांतील रामकथा पाहायला आमचे पाय थांबले नाहीत. तसेच दुकानाकडे निघालो. दुकानदाराने पावतीवरील माझी सही दाखवली आणि मोड घेत नाही म्हणाला. पोलीस चौकीत एक तास पन्नास मिनिटे बसवून ठेवल्यावर सांगण्यात आले की, माल खरा आहे, किंमत तुम्ही मान्य केली, हा व्यापारातील वाद आहे. तक्रारीची प्रत मागितली, तर साहेब आल्यावर मिळेल म्हणाले. साहेब आले नाहीत आणि आमचे विमान रात्रीचे होते. परतल्यावर बँकेला लिहिले. पिन टाकून केलेला व्यवहार ग्राहकाला मान्य होता असे धरले जाते, हे बँकेने पंचेचाळीस दिवसांनी कळवले, आणि पुराव्यादाखल दुकानदाराने पाठवलेली माझ्याच सहीची पावती जोडली. फसवणूक झाली म्हणूनच तक्रार केली ना? सही नसती, तर तक्रार कशाला केली असती? इथल्या पोलिसांनी, गुन्हा परदेशात घडला, आमच्या हद्दीत येत नाही, असे सांगून अर्जच घेतला नाही. दाद मागायला तीन ठिकाणी गेलो. दुकानाला एक फोन करावा, असे एकालाही वाटले नाही.

आमच्या सराफांनी भिंगाखाली पाहून सांगितले की, नीलम भट्टीत तापवलेला, काळपट आणि हलक्या प्रतीचा आहे, माणकांच्या भेगांत काच भरलेली आहे, आणि सगळ्यांचे मिळून नऊ हजार रुपये येतील. दुकानाने स्वतःच छापलेल्या प्रमाणपत्रावर ‘नैसर्गिक’ एवढेच लिहिलेले होते, आणि त्यावरच त्यांची सुटका झाली. दुकानाचे प्रमाणपत्र घेऊन खडा घेऊ नका, आणि परदेशात ज्याची पारख आपल्याला येत नाही, ते विकत घेऊ नका.

अंगठी अजून का झाली नाही, असे मुलगा दर रविवारी फोनवर विचारतो. घडणावळीला वेळ लागतो आहे, असे आम्ही त्याला सांगतो.