हॅचच्या भाजक्या मिरचीचं पोतं: सात महिन्यांनंतर

फ्रीजरच्या खालच्या खणात आता चारच पिशव्या उरल्यात. ऑगस्टच्या शेवटी हॅच खोऱ्यातल्या मिरचीचं 25 पौंडांचं, म्हणजे साधारण 11 किलोंचं पोतं भाजून आणलं होतं, आणि आता मार्च संपत आलाय. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात, अल्बुकर्कीत येऊन आम्हाला तीन वर्षं झाली, पण अख्खं पोतं याच वर्षी घेतलं. इथे नव्याने आलेल्या मराठी घरांतून ‘एवढ्या मिरच्यांचं करता काय?’ हे हमखास विचारलं जातं, म्हणून सविस्तर लिहितेय.

आधी एक गोष्ट मनातून काढून टाका. ही आपली फोडणीतली मिरची नव्हे. वीतभर लांब, जाड गराची, आणि भाजली की वांग्यासारखी मऊ पडणारी. हिला भाजी म्हणूनच हाताळायचं. मला हे उमगायला पहिला सीझन गेला. दोन मिरच्या चिरून पोह्यांत टाकायची आणि ‘हिला चवच नाही’ म्हणायची. चूक मिरचीची नव्हती.

या मिरचीचा आकारही कुणीतरी विचारपूर्वक घडवलाय. या राज्याच्या सरकारी कृषी महाविद्यालयात फाबियान गार्सिया यांनी बरीच वर्षं निवड करत 1921 मध्ये ‘न्यू मेक्सिको नंबर 9’ ही जात दिली. मिरची गुळगुळीत हवी, देठाशी खांद्यासारखे फुगवटे नकोत, म्हणजे साल सहज निघेल, हा त्यांचा हेतू. आज सालं काढायला बसलं की त्या माणसाचे उपकार आठवतात. वेडीवाकडी, सुरकुतलेली मिरची हातात आली की फरक लगेच कळतो.

म्हणून पोतं निवडताना सरळ, चकचकीत, हाताला जड लागणाऱ्या मिरच्या बघा. वाकड्या मिरचीच्या खाचेत आच पोचत नाही आणि तिथली साल चिकटून बसते. ‘हॅच’ हे जातीचं नाव नाही, रिओ ग्रांदेच्या काठचं गाव आणि त्याभोवतीचं खोरं आहे. त्यामुळे विक्रेत्याला जात विचारायचीच. बिग जिम लांब आणि मांसल, भरून करायला उत्तम. सँडिया जास्त तिखट.

माझी एकमेव खरी तक्रार इथेच आहे. रस्त्याकडेच्या एका स्टॉलवर ‘मध्यम’ म्हणून घेतलेल्या पोत्यात काही मिरच्या जाळ निघाल्या. मुलीसाठी केलेलं सूप तिला प्यायला आलं नाही, रडायलाच लागली. एका झाडाच्या आणि दुसऱ्या झाडाच्या तिखटपणात फरक असतो, पाण्याचा ताण पडला तर तिखटपणा वाढतो, हे सगळं मान्य. पण विकणाऱ्याने तसं सांगायला हवं होतं. आता मी प्रत्येक पिशवी शिजवण्याआधी चाखते, तेही टोकाकडून नाही. टोक फसवं असतं. तिखटपणा देठाजवळच्या पांढऱ्या शिरांत असतो, तिथला कण जिभेवर ठेवायचा.

भाजणं मात्र बघण्यासारखं. जाळीचं मोठं पिंप, त्यावर गॅसच्या ज्वाळा, आणि पिंप गरगर फिरतंय. आधी मिरच्या नुसत्या आपटल्याचा आवाज येतो. मग तडतड सुरू होते, सालं फुगतात, आणि जळक्या कागदासारखे काळे पापुद्रे जाळीतून उडायला लागतात. पाच-सात मिनिटांत पोतं अर्धं दिसायला लागतं. तो वास गाडीच्या सीटना आठवडाभर होता. 2023 मध्ये न्यू मेक्सिकोने या वासाला राज्याचा अधिकृत सुगंध म्हणून कायद्याने मान्यता दिली. एका ऑगस्टात इथे राहिलेल्या कुणालाही त्याचं नवल वाटणार नाही.

घरी वांगं भाजायच्या जाळीवरही होतं, आणि पाच-सहा मिरच्यांसाठी मी तेच करते. पोत्याला मात्र पिंपच हवं.

गरम मिरच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून देतात, त्या वाफेने साल सुटते. त्याला पंधरा-वीस मिनिटं पुरतात. पहिल्या वर्षी थोड्याच मिरच्या घेतल्या होत्या, पण ती पिशवी चार तास डिकीत राहिली. तळातल्या मिरच्यांना आंबूस वास आला आणि त्या फेकाव्या लागल्या. आंबटपणा नसलेली, ओली, कोमट भाजी बंद पिशवीत ठेवणं धोक्याचंच. यंदा घरी येताच सगळ्या परातींत पसरल्या, गार केल्या आणि दोन तासांच्या आत फ्रीजरमध्ये.

ठेवताना दोन प्रकारे ठेवून बघितल्या. निम्म्या सोलून, निम्म्या सालासकट. सात महिन्यांनंतर माझा कौल सालासकट. मिरची अर्धवट वितळली की साल एका ओढीत हातात येते, आणि धुराची चव जास्त टिकते. पिशव्या पोळीसारख्या चपट्या करून, हवा काढून रचल्या त्या आजही छान आहेत. गोळा करून कोंबल्या त्यांत बर्फाचे खडे झालेत आणि गर पाणचट झालाय. साल नळाखाली धुऊ मात्र नका, सगळा रस वाहून जातो. चार काळे ठिपके राहिले तर राहू द्या. हातमोजे घाला. हात भगभगलेच तर आधी तेल चोळा, मग साबण लावा. नुसत्या पाण्याने काही होत नाही.

आता मुख्य, स्वयंपाक. इथला स्ट्यू मी शेजारणीकडून शिकले. डुकराचं मांस, बटाटे, कांदा, लसूण, आणि मूठभर नव्हे, चांगल्या दोन वाट्या मिरची. टोमॅटो घालायला तिचा ठाम नकार. अल्बुकर्की समुद्रसपाटीपासून सुमारे 1600 मीटरवर, पाणी कमी तापमानालाच उकळतं, म्हणून बटाटा शिजायला वेळ घेतो. घाई केली की मिरची विरघळते आणि बटाटा कच्चाच राहतो, म्हणून मी मिरची अर्धी आधी, अर्धी शेवटी घालते.

ठेच्यात आधी फसलो. डिसेंबरात आई साताऱ्याहून आली होती. तिने खलबत्त्यात नेहमीसारखं कुटायला घेतलं आणि पाणी सुटून लगदा झाला. दुसऱ्या दिवशी तिनेच मार्ग काढला. मिरच्या चाळणीत निथळवल्या, हाताने पिळल्या, तव्यावर तेलात लसणाबरोबर कोरड्या होईतो परतल्या, मग जाडसर दाण्याचं कूट आणि मीठ घालून वाटीच्या बुडाने तव्यातच रगडल्या. आपल्या ठेच्यासारखा झणका त्याला नाही, पण भाकरीबरोबर आम्ही तो भाजीएवढा खाल्ला. ‘ही पोटभर खायची मिरची आहे गं,’ आई म्हणाली.

भरतात तर ही जणू घरचीच. एका वांग्याला चार मिरच्या, वर दही. पंचामृतातही चांगली लागते, फक्त चिंच-गूळ उकळून दाट झाल्यावर शेवटी घालायची. पिठल्यात जमली नाही. गर बेसनात हरवतो. वरणात तर अजिबात नको.

दुसऱ्या राज्यांत डब्यातली मिळते, पण मी आणलेल्या डब्यांत भाजल्याची चव जवळजवळ नव्हतीच. फ्रीजरमध्ये एक अख्खा खण मोकळा करता येत नसेल तर दहा पौंड घ्या, तेवढी चौघांच्या घराला दिवाळी उलटेपर्यंत पुरेल.

उरलेल्या चारपैकी दोन पिशव्यांवर मी ‘आई’ असं लिहून ठेवलंय. ती मे महिन्यात परत येतेय, आणि या वेळी तिला हिचं भरीत चुलीवर नाही तर निदान अंगणातल्या कोळशांवर करायचंय.