अंजिराच्या काड्या ऑनलाइन मागवण्याआधी हे वाचा

दिवे घाट चढून वर गेलं की माझं आजोळ लागतं. मामांची अंजिराची बाग आहे. खट्टा बहर, मीठा बहर (अंजिराचे पावसाळी आणि उन्हाळी हंगाम) हे शब्द मी शाळेत जायच्या आधीपासून ऐकलेत, आणि अंजीर तोडताना चिकाने बोटं कशी चुरचुरतात तेही मला चांगलं ठाऊक आहे. तरी ऑनलाइन काड्या विकणाऱ्या एकाकडून मी फसले. ज्यांच्या घरी अंजिराचं झाड कधी नव्हतं त्यांना हे लोक किती सहज फसवत असतील, या विचाराने झोप लागेना, म्हणून सगळं लिहून काढते आहे.

जानेवारी २०२२ मध्ये आम्ही पुण्यात नव्या घरी आलो. गच्ची मोठी, ऊन भरपूर. पुरंदरचं अंजीर मामांकडून येतंच, मग गच्चीवर वेगळ्या जाती लावू असं मनात आलं. फेसबुकवर एका पानावर फोटो दिसला: हिरव्या-पिवळ्या पट्ट्यांचं अंजीर, मधोमध चिरलेलं, आत लालभडक गर. जात ‘पनाशे’. शेजारी ‘ब्लॅक मिशन’, ‘ब्राउन टर्की’ आणि ‘ओरिजिनल स्मिर्ना, थेट तुर्कस्तानातून’. एक काडी, म्हणजे रोप करायला कापलेला फांदीचा तुकडा, ३०० रुपये. मी चार जातींच्या दोन-दोन, अशा आठ काड्या मागवल्या. कुरिअर धरून २,६५० रुपये यूपीआयने आगाऊ भरले. बिल मागितलं तर उत्तर आलं, “ताई, आम्ही शेतकरी माणसं, बिल कुठलं? पंधरा दिवसांची गॅरंटी आहे ना!”

त्या गॅरंटीतच सगळी मेख होती. अंजिराची काडी मुळं धरायला महिना-दीड महिना घेते. साठवलेल्या अन्नावर तिला आठ-दहा दिवसांत कोंब फुटतो, पण तेव्हा खाली एकही मूळ नसतं. पंधराव्या दिवशी तुम्ही खुशीत असता, काडी हिरवी दिसत असते, आणि तक्रारीची मुदत त्याच दिवशी संपते. माझ्या तीन काड्या अशाच कोंब येऊन वाळल्या. “तुम्ही पाणी जास्त घातलं,” एवढंच ऐकायला मिळालं.

उरलेल्या पाच जगल्या. त्यातल्या दोन ‘स्मिर्ना’ची पानं मला पहिल्यापासून खटकत होती. लांबट, खरखरीत, पंजासारखे भाग अजिबात नाहीत. मी विक्रेत्याला फोटो पाठवला. तो म्हणाला, “परदेशी जात आहे, पहिली पानं अशीच येतात, वर्षभरात बदलतील.” यात अर्धं खरं होतं, म्हणूनच मी गप्प बसले. अंजिराच्या एकाच झाडावर कधी तीन भागांचं पान येतं, कधी पाच, कधी एकही फाटा नसलेलं. पण पानं फांदीवर कशी लागतात ते बदलत नाही. अंजिराची पानं एकाआड एक येतात. माझ्या ‘स्मिर्ना’ची पानं समोरासमोर, जोडीने येत होती. दिवाळीला मामा आले, त्यांनी एक फांदी मोडून पाहिली. आतून पोकळ, वरून लव. “पोरी, हे अंजीर नाही. हा भुईउंबर आहे, ओढ्याकाठी पाहिजे तेवढा मिळेल,” ते म्हणाले.

मला त्याहून जास्त लागलं ते पुढचं. समजा त्याने खरी स्मिर्नाच दिली असती, तरी माझ्या गच्चीवर तिला एकही अंजीर पिकलं नसतं. अंजीर म्हणजे आत फुलं मिटवून ठेवलेली पिशवी. स्मिर्ना गटातल्या जातींना त्या फुलांचं परागीकरण लागतंच. ते करतो गांधीलमाशीच्या कुळातला चिलटाएवढा कीटक, आणि तो वाढतो नर अंजिराच्या झाडात. आपल्या बागांत नर अंजीर लावलेलं नसतं. मग फळं गोटीएवढी होतात, पिवळी पडतात आणि गळून जातात. १८८० च्या दशकात कॅलिफोर्नियात स्मिर्नाच्या काड्या नेल्या तेव्हा नेमकं हेच झालं. झाडं वाढली, फळं गळत राहिली, आणि तुर्कांनी आपल्याला चुकीची झाडं दिली असा संशय तिथल्या लोकांना आला. काड्या खऱ्याच होत्या, कीटक तेवढा नव्हता. १८९९ साली फ्रेस्नोजवळ जॉर्ज रोडिंग यांच्या बागेत तो कीटक रुजला आणि मग फळ टिकायला लागलं. त्यामुळे घरासाठी ‘स्मिर्ना’ किंवा ‘कॅलिमिर्ना’ (स्मिर्नाचंच कॅलिफोर्नियातलं नाव) कुणी देत असेल तर ती खरी की खोटी हे बघायच्या भानगडीत पडूच नका. पुणे अंजीर, दौलताबादच्या अंजिरातून निवडलेली दिनकर, डायना, कोनाड्रिया, ब्राउन टर्की, ब्लॅक मिशन, पनाशे, या सगळ्या कीटकाशिवाय पिकणाऱ्या जाती.

‘थेट तुर्कस्तानातून’ हे ऐकून तर मी तेव्हाच थांबायला हवं होतं. परदेशातून लागवडीची काडी आणायला २००३ च्या वनस्पती संगरोध आदेशाप्रमाणे आयात परवाना लागतो, शिवाय निघालेल्या देशाचं वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागतं. ज्याच्याकडे दोन ओळींचं बिल नाही त्याच्याकडे हे कुठून असणार?

पनाशेचं खोटं तर पाकीट उघडल्या दिवशीच कळलं असतं. या जातीचे पट्टे फक्त फळावर नसतात, कोवळ्या फांदीवरही हिरवे-पिवळे पट्टे उमटलेले असतात. माझ्या काड्या सरसकट राखाडी-तपकिरी. मला ही खूण माहीत नव्हती. आता तुम्हाला माहीत आहे. पट्टे नसलेली कोवळी काडी पनाशे म्हणून आली तर त्याच क्षणी फोटो काढा आणि पैसे परत मागा.

२०२३ च्या उन्हाळ्यात उरलेल्या तीन झाडांना, म्हणजे एक पनाशे, एक ब्लॅक मिशन आणि एक ब्राउन टर्की, फळं आली. तिन्हींवर एकाच जातीचं फळ. घंटेसारखा आकार, पिकताना फिकट जांभळट साल, आत गुलाबी गर. ब्लॅक मिशन पिकलं की काळंजांभळं होतं, पनाशेचं तर बोलायलाच नको. मामांनी एक चाखलं आणि हळूच म्हणाले, “आपलंच आहे गं हे, पुणे अंजीर.” त्यांचं म्हणणं असं की छाटणी झाली की बागांच्या बांधावर काड्यांचे ढीग पडतात, कुणीही पोतं भरून नेलं तरी कोण विचारतो? फुकटची काडी, वर चिकटपट्टी, तिच्यावर मार्करने परदेशी नाव, आणि तीनशे रुपये.

अंजीर वाईट नव्हतं, उलट उत्तम होतं. माझं दुःख वेगळं आहे. शेजारच्या काकूंना झाडांची फार आवड. २०२२ च्या पावसाळ्यानंतर मी माझ्या ‘ब्लॅक मिशन’ची एक फांदी गुटी बांधून, म्हणजे झाडावरच तिला मुळं फुटवून, त्यांना भेट दिली होती. त्यांनी तिच्यासाठी मोठी कुंडी आणली, सुनेला कौतुकाने नाव सांगितलं. त्या माणसाचं खोटं माझ्या तोंडून त्यांच्या घरात गेलं. त्यांना खरं सांगायला गेले तेव्हा माझा घसा दाटून आला होता.

आणखी एक नुकसान सांगते, कारण ते कुणाच्या लक्षात येत नाही. काड्यांबरोबर त्याने ‘गिफ्ट’ म्हणून पिशवीतलं एक लहान रोप पाठवलं होतं. ते खुरटलंच. उपटलं तर मुळांवर गाठीच गाठी, म्हणजे सूत्रकृमी, मुळांत शिरणारे मातीतले बारीक कृमी. पण त्याआधीच त्या कुंडीतली वरची माती मी टोमॅटोच्या कुंड्यांत मिसळली होती. त्या वर्षी टोमॅटो भर उन्हात माना टाकत राहिले, आणि त्यांच्याही मुळांना त्याच गाठी निघाल्या. सगळी माती फेकावी लागली. काडीला मुळं नसतात म्हणून हा रोग काडीतून येत नाही, मातीसकट आलेल्या रोपातून येतो. फुकट रोप आलं तर ते वेगळं ठेवा, मुळं पाहिल्याशिवाय त्याची माती कुठेही घालू नका. काडीतून येतो तो मोझॅक विषाणू. नव्या पानांवर पिवळे डाग आणि वेडावाकडा आकार दिसला तर ती काडी दुसऱ्या झाडांजवळ नेऊ नका.

तक्रार मी केली. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर माझं नीट ऐकून घेतलं, पण माझ्याकडे विक्रेत्याचं नाव नाही, पत्ता नाही, बिल नाही. एक मोबाइल नंबर होता, तोही बंद. पैसे गेल्या गेल्या सायबर फसवणुकीच्या १९३० वर फोन केला तर काही होऊ शकतं, पण अंजिराची फसवणूक कळते दीड वर्षाने. म्हणून परवाना असलेल्या रोपवाटिकेतूनच घ्या आणि बिलावर जातीचं नाव लिहून घ्या. त्याहून बरं म्हणजे ज्या झाडाचं फळ तुम्ही स्वतः खाल्लंय त्याची काडी मागा. एक वर्षाची, पेन्सिलीएवढ्या जाडीची, वीतभर, चार-पाच डोळ्यांची. नखाने साल जरा खरवडली की आत हिरवी दिसली पाहिजे.

यंदा मामांच्या बांधाजवळच्या झाडाच्या सहा काड्या आणल्या, दोन काकूंना दिल्या. चिठ्ठीवर जात, तारीख आणि झाडाची जागा लिहिली.

गेल्या आठवड्यात तो पट्ट्यांच्या अंजिराचा फोटो पुन्हा दिसला. पानाचं नाव नवीन, काडी आता ४५० रुपये. पांढरी बशी, काठाला निळी रेघ, डाव्या कोपऱ्यात अर्धवट दिसणारा स्टीलचा चमचा. हा फोटो समोर आला तर पैसे पाठवू नका.