इरिडियम प्लग टाकून नऊ महिने झाले, आणि जुने वेळेत का बदलले नाहीत याची कबुली

माझ्या गाडीचे स्पार्क प्लग (सिलिंडरमध्ये ठिणगी पाडून पेट्रोल पेटवणारे) बदलायची वेळ कधीच उलटून गेली होती आणि मला पत्ताही नव्हता. चार सिलिंडरचं साधं पेट्रोल इंजिन, मूळचे निकेलचे प्लग. मॅन्युअलमध्ये ४०,००० किलोमीटरला बदला असं स्वच्छ लिहिलेलं, मी बदलले ५८,००० ला. मधल्या दोन सर्व्हिसच्या बिलांवर 'प्लग साफ केले' अशी ओळ होती, ती वाचून मी निर्धास्त. साफ केल्याने काजळी जाते, झिजलेला धातू काही परत येत नाही, एवढं साधं तेव्हा सुचलं नाही.

गंमत अशी की गाडी रोज आपणच चालवतो, त्यामुळे पिकअप थोडा थोडा करून गेलेला कळतच नाही. पाय आपोआप जरा जास्त दाबला जातो, बस. आधी सकाळचा सेल्फ लांबायला लागला. मग चढावर वरच्या गिअरमध्ये पाय दिला की एखादा झटका यायचा, जणू कुणीतरी मागून गाडी धरून सोडली. उभी असताना मात्र इंजिन एकदम शहाणं. याच कारणाने मी भरकटलो. खराब पेट्रोल म्हणून पंप बदलला, इंजेक्टर साफ करणारी बाटली टाकली, काही उपयोग झाला नाही.

कारण नंतर समजलं. चढावर इंजिनावर भार असतो, सिलिंडरमध्ये मिश्रण जास्त भरतं, ठिणगी पडायच्या क्षणी तिथला दाब वाढलेला असतो. दाब जितका जास्त तितकं प्लगच्या दोन टोकांमधल्या फटीतून, म्हणजे गॅपमधून, ठिणगीला उडी मारायला जास्त व्होल्टेज लागतं. गॅप वाढलेला प्लग म्हणून आधी चढावर मार खातो, सिग्नलला उभ्या गाडीत नाही. 'उभी असताना नीट चालते, म्हणजे प्लग ठीक' हे माझं गणितच उलटं होतं.

शेवटी चेक लाइट लुकलुकायला लागला. नुसता पेटून राहणं वेगळं आणि लुकलुकणं वेगळं. लुकलुकतोय म्हणजे मिसिंग (सिलिंडरमधलं पेट्रोल न पेटणं) इतकी आहे की न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर स्वच्छ करणाऱ्या डब्यात) जाऊन तिथे जळतंय. तो तापून कायमचा बाद होऊ शकतो, आणि प्लगच्या चार सेटपेक्षा तो कितीतरी महाग पडतो. तेव्हा दामटू नका, पाय काढा.

स्कॅनर लावला तर कोड पी ०३०३, म्हणजे तिसऱ्या सिलिंडरची मिसिंग. लगेच 'कॉइल गेली' असा सल्ला मिळाला; कॉइल म्हणजे प्लगला ठिणगीसाठी व्होल्टेज पुरवणारा भाग. कॉइल घेण्याआधी मी तिसऱ्याची कॉइल दुसऱ्यावर आणि दुसऱ्याची तिसऱ्यावर लावली आणि गाडी फिरवून आणली. कॉइल खराब असती तर कोड तिच्यासोबत दुसऱ्यावर गेला असता. तो तिसऱ्यावरच राहिला. फुकटात होणारी ही तपासणी लोक का करत नाहीत कुणास ठाऊक.

इंजिन पूर्ण थंड झाल्यावर (अॅल्युमिनियमच्या हेडमधून गरम असताना प्लग काढणं म्हणजे आट्यांशी वैर) आधी हवा मारून खड्ड्यांतली धूळ उडवली आणि १६ च्या सॉकेटने चारही बाहेर काढले. तीन प्लगांचं टोक फिकट तपकिरी, म्हणजे जळण व्यवस्थित. तिसऱ्यावर कोरडी काजळी. ओलं तेल कुठेच नव्हतं, तेव्हा जीव भांड्यात पडला. तेलकट काळा प्लग निघाला असता तर दुखणं प्लगचं नव्हतं, रिंगांचं किंवा व्हॉल्व्ह सीलचं होतं. पांढराफटक, फोड आलेला निघाला असता तर तो जास्त तापतोय.

मग फीलर गेज, म्हणजे फट मोजायच्या ठरावीक जाडीच्या पट्ट्या. मॅन्युअलप्रमाणे गॅप १.१ मिलिमीटर हवा. तीन प्लगांत १.४ ची पट्टी सहज गेली, तिसऱ्यात १.५ चीही. नवा प्लग शेजारी धरला आणि फरक डोळ्यांनाच दिसला. नव्याच्या मधल्या इलेक्ट्रोडची कड धारदार, जुन्याची वापरलेल्या खडूसारखी गोल झालेली. ठिणगी धारदार कडेवरून सहज उडते, गोलाईवरून उडवायला कॉइलला जोर लावावा लागतो. म्हणजे गॅप वाढला आणि कडही गेली, दुहेरी मार. आणि असे प्लग तसेच चालवत राहिलात तर आज ठीक असलेली कॉइल उद्या खरंच जाते.

झिजणार नाहीत तर काय? ३,००० आरपीएमला एकेक प्लग मिनिटाला १,५०० वेळा ठिणगी टाकतो.

जाता जाता: प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीवर, लोखंडी भागाच्या अगदी वर, तपकिरी कडं दिसलं तर घाबरू नका. ती गळती नव्हे. जास्त व्होल्टेजमुळे आजूबाजूच्या तेलाचे बारीक कण तिथे ओढले जाऊन चिकटतात. मीही आधी तेच पाहून दचकलो होतो.

नवे घेताना इरिडियमचे घेतले. निकेल साधारण १,४५५ अंशांना वितळतं, इरिडियम २,४०० च्या वर. म्हणून त्याचं टोक अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास बारीक ठेवता येतं आणि तरी ते टिकतं. 'कॉपर प्लग' म्हणून जे मिळतात त्यांच्यातही तांबं फक्त आत असतं, ठिणगी निकेलवरच पडते. हीट रेंज (प्लग किती उष्णता बाहेर टाकतो त्याचं माप) मात्र मॅन्युअलमधलीच ठेवली, तिथे प्रयोग नको.

बसवताना एक प्लग हातातून फरशीवर पडला. वरून काही दिसत नव्हतं, पण आतली चिनी माती तडकली असेल तर ते दिसतही नाही. तो बाजूला टाकून एक जास्तीचा आणला. सगळे आधी हाताने पूर्ण फिरवत नेले, मग टॉर्क रेंचने (किती जोर लावला ते मोजणाऱ्या पान्याने) आवळले. रेंच नसेल तर वॉशरवाला नवा प्लग हाताने टेकल्यावर अर्धा ते दोन तृतीयांश फेरा पुरतो. आट्यांना ग्रीस लावलं नाही, कारण मुलामा दिलेलाच असतो आणि ग्रीस लावलं की नकळत जास्त आवळलं जातं.

आता नऊ महिने आणि ११,००० किलोमीटरनंतरचं. चढावरचे झटके पहिल्याच दिवशी गेले, परत आले नाहीत. सेल्फ एका दमात. अॅव्हरेज लिटरमागे १४ वरून १५ च्या जरा वर आलं, पण त्याच दिवशी एअर फिल्टरही बदलला होता, त्यामुळे सगळं श्रेय प्लगांना देणार नाही. 'इरिडियमने ताकद वाढते' असं कुणी सांगितलं तर माझ्या गाडीत तरी वाढली नाही. गेलेली परत आली, इतकंच. ६,००० किलोमीटरनंतर मुद्दाम तिसरा प्लग काढून पाहिला: रंग फिकट तपकिरी, गॅप जिथल्या तिथे. इरिडियमला वायरब्रश लावायचा नाही आणि गॅप मापताना टोकाला धक्काही द्यायचा नाही, म्हणून पट्टी अलगद सरकवली आणि परत बसवला.

सीएनजी असेल तर माझे आकडे धरू नका. गॅस पेटवायला जास्त व्होल्टेज लागतं आणि प्लग लवकर संपतात.

तक्रार एकच उरली होती. एसी लावून उभं राहिलं की स्टीअरिंगला बारीक थरथर यायची, ती नव्या प्लगांनीही गेली नाही. महिनाभर मी प्लगांवरच संशय घेत होतो. शेवटी ते इंजिनाचं खालचं माउंटिंग निघालं, रबर फाटलेलं.