चंद्रावर उपकरण पाठवायचं, पण कुणाच्या लँडरवर?

विद्यापीठातल्या एका गटाने दोन-तीन किलोचं उपकरण तयार केलंय आणि पाठवण्यापुरता निधीही आहे, असं धरून चालू. नासाने 2018 मध्ये सीएलपीएस हा, खाजगी कंपन्यांकडून चंद्रावर सामान पोचवून घेण्याचा कार्यक्रम सुरू केला. त्यात यान बांधायचं, उडवायचं आणि उतरवायचं काम कंपनीचं. नासा फक्त गिऱ्हाईक. उरलेली जागा इतरांना विकत मिळते. त्यातल्या अ‍ॅस्ट्रोबॉटिक या कंपनीने चंद्राच्या पृष्ठभागापर्यंतचा जाहीर केलेला दर किलोमागे 12 लाख डॉलर होता. तरीही दराकडे मी शेवटी बघेन.

आधी बघायचं ते यान नीट उभं राहतं का. इथे फायरफ्लाय ही कंपनी उघडच पुढे आहे. तिचं यान ब्लू घोस्ट 2 मार्च 2025 रोजी चंद्रावरच्या मेअर क्रिसियमच्या मैदानात चारही पायांवर उतरलं. उंची जेमतेम 2 मीटर, रुंदी साडेतीन, त्यामुळे कलंडायची भीती कमी. नासाची 10 उपकरणं घेऊन ते सुमारे 14 दिवस चाललं आणि 119 गिगाबाइटहून जास्त माहिती पाठवून चंद्रावर रात्र पडल्यावर थांबलं. शिवाय 45 दिवसांच्या प्रवासात त्यावरच्या एका उपकरणाने पृथ्वीभोवतीच्या दिशादर्शक उपग्रहांचे संकेत पकडून दाखवले.

इंट्युइटिव्ह मशीन्सचं यान उंच, सुमारे 4 मीटर, आणि प्रवास झटपट. ओडिसियस फेब्रुवारी 2024 मध्ये आठवड्याभरात चंद्रावर पोचलं, पण कललं. उंची मोजणाऱ्या लेझरची सुरक्षा-कळ उड्डाणाआधी काढायचीच राहिली होती. वर्षभराने त्यांचंच दुसरं यान अथेना, दक्षिण ध्रुवाजवळच्या मॉन्स मूटन या डोंगराजवळ एका विवरात आडवं झालं. सौर पॅनेलवर पुरेसं ऊन पडेना आणि दिवसभरात खेळ आटोपला. बर्फ शोधायला नेलेलं ड्रिल जागच्या जागी हलवून दाखवता आलं, एवढंच.

म्हणून डोळे मिटून फायरफ्लाय? थांबा. क्रिसियम हे लाव्हाचं सपाट मैदान आहे. अथेना दक्षिण ध्रुवाच्या इतक्या जवळ उतरलं की तिथवर आधी कुणी उतरलंच नव्हतं. तिथे सूर्य क्षितिजाला टेकलेला, सावल्या लांबलचक, विवरं ओळखणं कठीण. तुमचा विषय बर्फ असेल तर क्रिसियमचा काही उपयोग नाही, आणि ध्रुवावर उतरण्याची परीक्षा फायरफ्लायने त्या मोहिमेत दिलेलीच नाही. दोघींचे गुण एकाच तक्त्यात मांडणं मला पटत नाही.

अ‍ॅस्ट्रोबॉटिकचं पेरेग्रीन जानेवारी 2024 मध्ये उडालं आणि काही तासांतच इंधन गळू लागलं. कार्नेगी मेलनच्या विद्यार्थ्यांची छोटी बग्गी आणि मेक्सिकोचे चिमुकले रोबो चंद्राच्या मातीपर्यंत पोचलेच नाहीत. पण वाटेत चालू करता आलेल्या उपकरणांनी किरणोत्सार मोजला. वाटेतही काही मोजू शकेल असं उपकरण असेल, तर यान बुडालं तरी हाती काहीतरी लागतं.

जपानची आयस्पेस? दोनदा प्रयत्न, दोनदा आदळली. 2023 मध्ये विवराच्या कडेवरून जाताना उंचीचा आकडा एकदम बदलला. सॉफ्टवेअरने तो चूक मानला आणि यान 5 किलोमीटर वर असतानाच आपण जमिनीला टेकलो असं समजून इंधन संपवलं. जून 2025 मध्ये तिचं दुसरं यान रेझिलियन्स आदळलं. ते ब्लू घोस्टबरोबर एकाच रॉकेटवरून निघालं होतं, पण पाच महिन्यांच्या लांब वाटेने. तूर्तास मी इथे जागा घेणार नाही.

सरकारी यानांचा पर्यायही खरा आहे. चंद्रयान-3 ने नासाचा लेझर परावर्तक नेला, चीनच्या चांग'अ-6 ने फ्रान्सचं रेडॉन वायू मोजणारं उपकरण. तिथे जागा पैशाने नव्हे, करारमदाराने मिळते आणि वेळापत्रक पूर्णपणे त्यांचं.

सपाट मैदानावर माती, धूळ किंवा उष्णता मोजायची असेल तर माझं मत फायरफ्लायला. बर्फच हवा असेल तर इंट्युइटिव्ह मशीन्स, पण उपकरण आडवं पडूनही चालेल असं बनवा.

सही करण्याआधी एक कलम मात्र नक्की वाचा: अडचण आली तर आधी कुणाचं उपकरण बंद होणार? ओडिसियसवर एम्ब्री-रिडल विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांचा कॅमेरा होता, यान उतरताना बाहेर पडून फोटो काढणारा. लेझरची अडचण सोडवायला सॉफ्टवेअर बदललं गेलं, आणि त्यासाठी ऐन उतरताना कॅमेरा बंद ठेवावा लागला. नंतर तो बाहेर टाकला, पण एकही फोटो आला नाही.