बेंटोनाइट लिटर : कोल्हापुरातल्या घरात मांजराच्या पिल्लासाठी घ्यावं का?

चार महिन्यांच्या आतल्या पिल्लासाठी नको. लिटर म्हणजे मांजराच्या शी-शूसाठी ट्रेमध्ये पसरायची माती किंवा भुसा, आणि बेंटोनाइट ही पाणी शोषून फुगणारी माती आहे. लहान पिल्लू तोंडाला लागेल ते चाटतं आणि पोटात गेलेले कण आतड्यात अडकू शकतात. तोवर कागदाच्या किंवा लाकडी भुशाच्या गोळ्याच बऱ्या.

मोठ्या पिल्लासाठी मात्र हे लिटर खरंच उत्तम. लघवीचा घट्ट गोळा होतो, तो जाळीच्या चमच्याने अलगद उचलता येतो आणि बाकीचं कोरडं राहतं. ट्रेमध्ये ५ ते ७ सेंमी थर हवा. थर पातळ असला की गोळा तळाला चिकटतो, खरवडताना फुटतो आणि वास तिथूनच सुरू होतो. बिनवासाचंच घ्या, लव्हेंडरचा दर्प आपल्याला आवडतो, मांजराला नाही, आणि मग ते सोफ्यामागे जागा शोधतं.

कोल्हापूरच्या पावसाळ्यात उघडी पिशवी दमट होते आणि गोळे नीट बांधत नाहीत. झाकणाच्या डब्यात ओतून ठेवा. संडासात टाकू नका, पाइप तुंबतो.

सवय लावायला जेवण झाल्यावर आणि झोपेतून उठल्यावर पिल्लाला ट्रेमध्ये ठेवा. कड बुटकी हवी, जेवणाची वाटी लांब. बाहेर घाण केली तर ओरडू नका. ट्रे धुताना फिनेल अजिबात नको, मांजरांना ते विषारी असतं. साधा साबण आणि गरम पाणी पुरतं.